पाटापलीकडचा लांगले

झेली काप्रों गेली त्याला आज एकोणीस दिवस झाले. सोमवारी दुपारी गॅसवर सूप ठेवून ती खुर्चीत टेकली, ती उठलीच नाही. शेजारणीला करपल्याचा वास आला म्हणून कळलं.

पेपरात चार ओळी आल्या. आमियाँच्या पाणमळ्यांतल्या जुन्या माळिणींपैकी एक, वय पंचाहत्तर, साठ वर्षं शनिवारच्या बाजारात भाजी विकली, वगैरे. सगळं खरं होतं. फक्त त्यात एव्हरार लांगले नव्हता. लांगल्याशिवाय झेली सांगायची म्हणजे एकाच काठाची नदी सांगायची.

मी तिची मैत्रीण. आमच्यात एकोणपन्नास वर्षांचं अंतर होतं. मी विद्यापीठात साहित्य शिकत होते, खोली नदीकाठच्या वाटेवर होती. एका शनिवारी तिच्याकडून लाल मुळ्यांची जुडी घेताना मी तिला 'अहो मादाम' म्हणाले.

"अहो-जाहो पाद्रीबाबांना कर," ती म्हणाली. "मला तू म्हण. आणि जुडी पानांना धर, पोरी. शेपटीला धरून लोंबकळवायला उंदीर आहे का तो?"

त्यानंतर चार वर्षं दर शनिवारी मी तिच्या टेबलामागे पिशव्या भरायला उभी राहिले.

कॅथेड्रलच्या खालच्या धक्क्यावरून होडी सोडली की पाऊण तासात तिचा मळा येतो. सोम नदीचे फाटे, फाट्यांचे पाट, पाटांमध्ये काळ्या मातीचे लांबट तुकडे. रस्ता नाही. बी होडीतून जातं, फ्लॉवर होडीतून येतो. आपला धाकटा भाऊ होडीतच जन्मला, असं झेली सांगायची. भाऊ हयात होता तोवर नाकारायचा.

तिच्या लहानपणी शनिवारी पहाटे पाटात होड्यांची रांग लागायची. बाया सॅलडच्या ढिगामागे उभ्या, पुढचा पुरुष दिसायचा नाही, नुसता त्याचा खोकला ऐकू यायचा. खोकल्यावरून कोणाची होडी ते ओळखायचे. धक्क्याला लागल्यावर भाजी होडीतूनच विकायची. वर उभ्या गिऱ्हाइकाच्या टोपलीत नेम धरून फ्लॉवर फेकायचा. झेलीची आई ह्यात पटाईत होती. एकदा तिने एका वकिलाची हॅट पाडली, आणि त्याने ती भिजलेली हॅट घालून वर दोन फ्लॉवर जास्त घेतले. आता टेम्पो येतात. होड्या जूनमधल्या एका रविवारी येतात, जुने कपडे घालून, फोटोसाठी. झेली त्या रविवारी घरी बसून लीक, म्हणजे जाड कांदापात, आणि साय भरून फ्लामिशची पोळी भाजायची. "मी काही माझंच सोंग घेऊन उभी राहणार नाही," म्हणायची.

तिच्या मळ्यासमोर, पाटापलीकडे, लांगल्यांचा मळा. मधलं पाणी सहा हात रुंद.

पाटाचा नियम जुना आहे. दर हिवाळ्यात गाळ काढायचा. नाही काढला तर पाट भरतो, काठ ढासळतो, होडी अडकते, आणि दोन्ही मळे हातचे जातात. अर्धा पाट ह्या काठवाल्याचा, अर्धा त्या काठवाल्याचा. मधोमधपर्यंतचा गाळ लांब दांड्याच्या खोऱ्याने उपसायचा आणि आपल्याच काठावर टाकायचा. त्या गाळावरच इथली भाजी पोसते. दुसऱ्याच्या अर्ध्यात खोरं घालणं म्हणजे त्याच्या ताटातला घास उचलणं.

त्रेसष्ट सालच्या हिवाळ्यात झेलीच्या बापाने खोरं हातभर पलीकडे घातलं, असं लांगल्यांचं म्हणणं. घातलं नाही, असं काप्रोंचं. दोन्ही बाप कधीच गेले. भांडण मात्र ठणठणीत राहिलं.

एव्हरार आणि झेली एका वयाचे, एका शाळेतले. पन्नास वर्षं ते समोरासमोर वाकून काम करत होते. मी पहिल्यांदा मळ्यावर गेले तेव्हा मला वाटलं, इथे आता मारामारी होणार.

"काप्रोंच्या पोरी," पलीकडून आवाज आला. "तुझा फ्लॉवर आजारी दिसतोय. पाद्री बोलवू का?"

"तुझ्यापेक्षा बरा आहे," झेली मान वर न करता म्हणाली. "त्याला निदान डोकं तरी आहे."

"ही नवीन कोण?"

"मैत्रीण. पुस्तकं वाचते."

"मग तिला सांग, त्रेसष्ट साल कुठल्या पुस्तकात आलंय का बघ."

"आणि तू तुझ्या रांगा बघ, लांगले. पिऊन आखल्यास का?"

लांगल्यांच्या रांगा तिरप्या असायच्या, पाण्याच्या वळणाला धरून. काप्रोंच्या दोरी लावून सरळ. दोन्हीकडे पीक सारखंच यायचं. ते दोघंही कधी कबूल करायचे नाहीत.

झेलीचा नवरा आर्मां रेल्वेत होता. त्याला पाण्याची भीती. तो मळ्यावर एकूण सहा वेळा आला, असं ती मोजून सांगायची. तो वारला. अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशी ती मळ्यावर गेली. पलीकडे लांगल्याने टोपी काढली, मिनिटभर उभा राहिला, टोपी परत घातली आणि म्हणाला, "तुझ्या लीकला माशी लागलीय."

"एवढंच?" मी तिला विचारलं.

"मग काय, गाणं म्हणायला हवं होतं? माशी खरंच लागली होती."

दोन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात लांगले काठावर घसरला. खुब्याचं हाड मोडलं. झेलीने होडी पलीकडे लावली. होडीचं उंच नाक काठावर चढवलं आणि त्याला काखेत धरून आत ओढलं. धक्क्यापर्यंत पाऊण तास तो तिला होडी कशी चालवायची ते सांगत होता.

त्याला नदीजवळच्या वृद्धाश्रमात ठेवलं. तिसरा मजला. खिडकीतून कॅथेड्रल दिसायचं, पाणी दिसायचं नाही. "उलटं हवं होतं," तो म्हणायचा. "देव काय, डोळे मिटूनही दिसतो."

त्याचा मुलगा बास्तियाँ लील शहरात विम्याच्या कचेरीत होता. वाईट माणूस नाही. त्याला चिखल आवडत नाही, एवढंच. नोव्हेंबरात तो चांगल्या बुटांनी झेलीच्या होडीत बसून मळा बघायला आला. मी होते.

"मादाम काप्रों, खरं सांगतो," तो म्हणाला. "एक वर्ष पडीक राहिला तर इथे बोरू माजेल. पुढच्या ऑक्टोबरअखेरपर्यंत बघतो. मळा चालू दिसला नाही तर विकणार. घेणारे तयार आहेत."

"कोण?"

"पॅरिसचं जोडपं आहे. त्यांना हिरवळ करायचीय."

"हिरवळ," झेली म्हणाली. एखाद्या रोगाचं नाव घ्यावं तशी.

पाणमळ्यांतले निम्म्याहून जास्त तुकडे असेच गेलेत. आम्ही त्यांना रविवारवाले म्हणतो. हिरवळ, छत्री, मांस भाजायची शेगडी. ते वाईट नसतात. पण गाळ काढत नाहीत. त्यांचा अर्धा पाट भरत येतो आणि एक दिवस समोरच्याची होडी रुतते.

"बापाला विचारलंस?"

"ते म्हणतात, वसंतात परत येतो. डॉक्टर तसं म्हणत नाहीत."

झेली बराच वेळ पलीकडच्या तिरप्या रांगांकडे बघत राहिली. लांगल्याची लीक अजून उभी होती.

"मी बघते," ती म्हणाली. "त्याला सांगू नकोस. तू करतोस म्हण."

"मी? बाबांचा विश्वास बसेल?"

"बसेल. बापाला तेच ऐकायचं असतं. मी करते कळलं तर तो त्या पॅरिसवाल्यांना बोलावून आजच सही करेल. काप्रोंच्या हाताचं खाण्यापेक्षा दगड खाईल तो."

बास्तियाँ कबूल झाला. त्याला लाज वाटत होती, ते दिसत होतं.

तो सगळा हिवाळा झेलीने दोन्ही अर्धे उपसले. चौऱ्याहत्तरावं वर्ष. मी होडी धरायचे आणि तिची बोटं सुजली की चिकोरीची कॉफी ओतायचे. तिच्या अर्ध्यातला गाळ तिच्या काठावर, लांगल्याच्या अर्ध्यातला लांगल्याच्या. दर दोन खोऱ्यांना होडी वळवावी लागायची.

"सगळा तुझ्याच काठावर टाक ना," मी एकदा म्हणाले. बोटं माझीही गारठली होती. "कोण बघतंय?"

"तो बघतोय."

"तो तिसऱ्या मजल्यावर आहे, झेली."

"लांगले आहे तो. त्याला वास येईल."

मार्चमध्ये तिने त्याच्या वाफ्यांत मुळा पेरला. रांगा मात्र सरळ आखल्या. तिरपं तिच्याने होईना. एप्रिलअखेर पहिले मुळे आले. त्याच्या मळ्यातली एक जुडी शनिवारी बाजारानंतर मी त्याच्याकडे न्यायची, बास्तियाँने पाठवली म्हणून सांगायचं, असं ठरलं.

आमच्याकडे जुडी लव्हाळ्याने बांधतात, आणि ज्या त्या घराची बांधायची रीत वेगळी. काप्रों दोन वेढे देतात आणि टोक खाली खोचतात. लांगले तीन वेढे देऊन पानांच्या बाजूला गाठ मारतात. बाजारात म्हाताऱ्या बाया अजून लांबूनच जुडी बघून मळा सांगतात. झेलीने त्याच्या जुडीला त्याची गाठ मारली. जीभ दातांत धरून, दोनदा सोडून, तिसऱ्यांदा.

मी जुडी लांगल्यासमोर ठेवली. तो मुळ्यांकडे बघेना. गाठीकडेच बघत राहिला.

"ही बास्तियाँने मारली?"

"हो, मस्यू लांगले."

"सात वर्षांचा असताना शिकवत होतो. रडायचा. म्हणायचा, रबर लाव ना बाबा." त्याने गाठीवरून अंगठा फिरवला. "चाळीस वर्षांनी का होईना."

त्याने मुळे खाल्ले नाहीत. जुडी पेल्यात उभी केली. मी निघाले तेव्हा तो नर्सला हाक मारून ती दाखवत होता.

मी हे झेलीला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

असे चार शनिवार गेले. मे महिन्यात एका शनिवारी बाजारात गर्दी होती, झेलीला घाई होती. तिने जुडी बांधून माझ्या हातात कोंबली. मीही पाहिली नाही. मी चार वर्षं पुस्तकं बारकाईने वाचायला शिकले होते, आणि हातातली जुडी मला वाचता आली नाही.

लांगल्याने ती घेतली. खिडकीकडे नेली. उलटी केली.

"बास्तियाँ डावखुरा कधी झाला?"

मी पुढे वाकून जुडी पाहिली.

"दोन वेढे," तो म्हणाला. "उलटे. टोक खाली खोचलेलं." त्याने जुडी मांडीवर ठेवली. "ह्या गावात डाव्या हाताने असं खोचणारी एकच बाई आहे."

"मस्यू लांगले..."

"सबंध हिवाळा तीच करत होती?"

"हो."

"आधीच्या चारही तिच्याच?"

"हो."

बाहेर जेवणाची गाडी गडगडत गेली.

"म्हणजे मी परत येणार नाही हे तिला माहीत आहे," तो म्हणाला. "जा आता, मुली. दार ओढून घे."

पुढच्या शनिवारी त्याने मला आत घेतलं नाही. त्याच्या पुढच्याही.

झेलीला सांगितलं तेव्हा ती फ्लॉवरच्या क्रेटवर बसली. तिने डावा हात पुढे धरून पाहिला.

"जन्मभर सोबत केली," ती म्हणाली. "आणि नेमका आता फितूर झाला." मग म्हणाली, "विकणार तो. हिरवळ होणार समोर."

"तसं म्हणाला नाही."

"तुला काय कळतं लांगल्यांचं."

त्या दिवसांत तिने त्याच्या मळ्यात पाऊल ठेवलं नाही. आपल्या काठावर काम करायची, पाठ पाटाकडे करून. मुळे फुटायला लागले, सॅलडला दांडे आले. मी काढायला गेले तर म्हणाली, "हात लावू नकोस. आता ती चोरी होईल."

तीन आठवड्यांनी नोटरीचं पाकीट आलं. तिने ते मला वाचायला दिलं, चष्मा असून. एव्हरार लांगले याने आपला मळा, काठासह आणि अर्ध्या पाटासह, झेली काप्रों हिच्या नावे केला होता. मुलाची हरकत नव्हती. सही केली की झालं.

मला वाटलं ती हसेल. साठ वर्षांचं भांडण ती जिंकली होती. तिने कागद माझ्या हातातून घेतला, पर्समध्ये घातला आणि कपाटातून काळा कोट काढला. अंत्यविधीचा.

"चल," म्हणाली. "ह्या माणसाला विचारायचंय."

वृद्धाश्रमात ती तोवर एकदाही गेली नव्हती. जिना चढून वर आली तेव्हा दारात बास्तियाँ होता. तो बाहेर आला, आम्ही दोघं दाराशी थांबलो. दार उघडंच होतं.

"ये, काप्रोंच्या पोरी," लांगले म्हणाला. तो खूप वाळला होता. "उशीर केलास."

"आठ महिने. माहीत आहे." तिने कागद त्याच्या ब्लँकेटवर ठेवला. "हे परत घे."

"नाही."

"मी मागितलं नव्हतं."

"गाळ काढ म्हणून मीही सांगितलं नव्हतं."

"तुझा गाळ तुझ्याच काठावर टाकलाय. हवं तर मोज."

"ठाऊक आहे. बास्तियाँला फोटो काढून आणायला लावला. रांगा सरळ आहेत."

"हाताला वळण असतं."

"हाताचंच तर म्हणतोय." लांगल्याचा आवाज खाली आला. "पोराला कशाला मधे घातलंस, गं? चार आठवडे मी इथे दाखवत हिंडलो. नर्सला. जेवणाच्या टेबलावर. बघा, माझ्या पोराने मारलेली गाठ. तो चाकांच्या खुर्चीतला कर्नल, त्यालासुद्धा दाखवली."

माझ्या शेजारी बास्तियाँ भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

झेली खुर्चीत बसली. कोट तसाच.

"चुकलं माझं," ती म्हणाली. हे शब्द तिच्या तोंडून मी त्याआधी ऐकले नव्हते, नंतरही नाही.

"गाठ बरी मारायचीस पण. चार वेळा फसलो."

"तुझ्या गाठीत काय आहे. वेणी घालता येणाऱ्या कुठल्याही पोरीला जमेल."

तो हसला असावा. खोकल्यासारखं काहीतरी ऐकू आलं.

"तुला वाटलं, मी हिरवळवाल्यांना देईन."

"रागात तू काहीही करतोस."

"देणार होतो. दोन आठवडे राग होता. मग म्हटलं, ती बाई रोज सकाळी त्या छत्रीकडे बघणार. शत्रूवरही अशी वेळ येऊ नये."

"मग दुसऱ्या कोणाला द्यायचास. मला का?"

"दुसरं कोण करतं आता?"

झेलीने कागद पुन्हा त्याच्याकडे सरकवला. "लांगले, दोन्ही काठ माझे झाले तर मी बोलू कोणाशी?"

कागद परत सरकल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "मी येणार नाहीये, झेली."

त्याने तिला नावाने हाक मारलेली मी पहिल्यांदा ऐकली.

"माहीत आहे."

"तुला पहिल्यापासून माहीत होतं."

"हो."

"मग सबंध हिवाळा पाण्यात हात घालून कशाला मेलीस?"

"तुला माहीत नव्हतं म्हणून."

बास्तियाँ जिना उतरून खाली गेला. मीही जायला हवं होतं. गेले नाही.

आत लांगले म्हणाला, "शनिवारी ये. बाजार उठला की. मला इथून दिसत नाही, तू सांगायचं. खोटं बोलायचं नाही."

"आणि तू शहाणपणा शिकवायचा नाहीस."

"ते मी शिकवणार. मळा माझ्या बापाचा आहे."

झेलीने कागदाची घडी केली. "ठेवते," ती म्हणाली. "तू दिलास म्हणून नाही. इथे हरवेल म्हणून."

त्यानंतर ती दर शनिवारी जायची. बाहेरच्या बाकावर मला दोघांचा आवाज यायचा. तिसरा वाफा ओलसर आहे, तिथे लीक लावू नकोस. लावणार. कुजेल. कुजू दे. एकदा नर्सने बाहेर येऊन मला विचारलं, ह्यांच्यात काही कौटुंबिक तंटा आहे का. मी म्हणाले, तसंच काहीतरी. तिने लीक तिसऱ्या वाफ्यात लावली नाही. आणि जूनमध्ये लावलेल्या रांगा तिरप्या होत्या. पाण्याच्या वळणाला धरून. त्याबद्दल ती माझ्याशी बोलली नाही, मीही विचारलं नाही.

तो नोव्हेंबरात गेला, पहिलं हिव पडलं त्या आठवड्यात. झेली अंत्यविधीला शेवटच्या बाकावर बसली. बाहेर आल्यावर बास्तियाँने तिचे दोन्ही हात धरले. ती म्हणाली, "त्याची लीक काढायचीय. थंडीत गोड होते. तू ने घरी." त्याने खरंच नेली. रबर लावून, पण नेली.

हिवाळ्यात तिने पुन्हा दोन्ही अर्धे उपसायला घेतले. गाळ अजूनही दोन काठांवर वेगवेगळा. काम करताना मधेच ती मान वर करायची. पलीकडे बघून तोंड उघडायची. मग मिटायची. मी एकदा पलीकडे जाऊन उभी राहिले आणि ओरडले, "झेली, तुझा फ्लॉवर आजारी दिसतोय."

तिने माझ्याकडे बघितलं. "नको, पोरी," म्हणाली. "तुला राग येत नाही. त्यात मजा नाही." तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं.

फेब्रुवारीत ती गेली.

परवा नोटरीने बोलावलं. मी, झेलीची भाची, बास्तियाँ. घर भाचीला. ते सगळ्यांना माहीत होतं. मळ्यांचं कोणालाच माहीत नव्हतं. भाचीने आधीच विचारलं होतं, दोन्ही मिळून एक सलग तुकडा झाला तर कोणी मोठा भाजीवाला घेईल का. मला एवढंच दिसत होतं की आता दोन छत्र्या लागतील.

नोटरीने वाचलं. डिसेंबरात लिहिलेला कागद. काप्रोंचा मळा तिफेन वास हिला. लांगल्यांचा मळा याझिद मेरा याला. ही दोघं मागच्या उन्हाळ्यात महिनाभर तिच्याकडे कामाला होती. दोघंही दोनतीन वर्षं पाणमळ्यात जमीन शोधत होती, मिळत नव्हती. दोघांनी तिथे भाजीच लावायची. आणि एक अट. दोन्ही मळे एका माणसाच्या हातात कधीही जाऊ द्यायचे नाहीत.

नोटरीने चष्मा काढला. "मी त्यांना तेव्हाच म्हणालो, बाई, एकत्र केले तर सोयीचं होईल. त्या म्हणाल्या, सोय कोणी मागितलीय. ह्याचा अर्थ कोणाला माहीत आहे का?"

भाचीने खांदे उडवले. बास्तियाँने माझ्याकडे बघितलं. तो हसायला लागला, आणि मग त्याला रुमाल काढावा लागला. "मी दाराबाहेर उभा होतो," तो नोटरीला म्हणाला. नोटरीला काही समजलं नाही.

काल मी दोघांना होडीतून घेऊन गेले. आधी तिफेनला तिच्या काठावर उतरवलं, मग होडी फिरवून याझिदला त्याच्या. पाणी स्वच्छ होतं. ती दोघं आपापल्या मातीवर उभी राहिली आणि एकमेकांकडे बघून हसली.

"मी इथे काठाला वाटाण्याची जाळी लावली तर तुम्हाला सावली येईल का?" तिफेनने विचारलं.

"छे, छे. तुम्हाला हवं तसं करा," याझिद म्हणाला. "काही अडचण नाही."

"नाही, तुम्ही स्पष्ट सांगा हं."

"खरंच काही नाही."

मी होडीत बसून ऐकत होते. मला काळजीच वाटली. पण नवीन आहेत दोघं. वेळ लागेल.